धाब्यावरचा सातवा सामना

शनिवार, २२ जून २०२४

पुण्याहून चोपड्याला जाणारी ट्रॅव्हल्स धुळ्यात थांबली तेव्हा पहाटेचे सव्वापाच वाजले होते. बाकीचे चहाला उतरले. मी जागचा हललो नाही. मोबाइल खिडकीच्या काचेला टेकवून, कानात इअरफोन घालून बसलो होतो. साडेपाचला एडमंटनमध्ये सामना सुरू होणार होता. तिकडे अजून शुक्रवारची संध्याकाळ होती.

एडमंटन ऑइलर्स हा माझा आइस हॉकीचा संघ. २०१५ ते २०१९ मी नोकरीसाठी कॅनडातल्या त्या शहरात राहिलो. उणे तीसच्या थंडीत बसची वाट बघताना पापण्यांवर बर्फ धरायचा. ज्या घराच्या तळघरात मी भाड्याने राहायचो, त्याचे मालक तेव्हाच साठी ओलांडलेले. हिवाळा लागला की ते मागच्या अंगणात रोज रात्री नळी धरून पाण्याचा एकेक थर गोठवायचे आणि नातवंडांसाठी रिंक तयार करायचे. हा खेळ मला त्यांनी शिकवला. मी गेलो त्याच वर्षी कॉनर मॅकडेव्हिड, वयाच्या अठराव्या वर्षी, ऑइलर्समध्ये आला. २०१७ साली अकरा वर्षांनी संघ बाद फेरीत पोचला आणि दुसऱ्या फेरीत ॲनाहाइमशी सातवा सामना २-१ असा हरला. मालकांनी टीव्ही बंद केला आणि रात्री अकरा वाजता गॅरेज झाडायला घेतलं. त्या रात्रीपासून हा संघ माझा झाला.

ऑइलर्सने स्टॅन्ली चषक, म्हणजे तिथल्या लीगचं जेतेपद, पाच वेळा जिंकला, पण शेवटचा १९९० मध्ये. १९९३ ला मॉन्ट्रियलने तो जिंकल्यानंतर कॅनडातल्या एकाही संघाच्या हाती तो लागलेला नाही. यंदाच्या अंतिम फेरीत समोर फ्लोरिडा पँथर्स. सातपैकी चार जिंकायचे. फ्लोरिडाने पहिले तिन्ही घेतले: ३-०, ४-१, ४-३. अंतिम फेरीत ०-३ वरून चषक जिंकण्याचा पराक्रम आजवर एकदाच झालाय, टोरंटोने, १९४२ साली. म्हणून मी हे प्रकरण मनातून मिटवून टाकलं होतं. आणि मग ऑइलर्सने चौथा सामना ८-१ ने मारला, पाचवा ५-३ ने. त्या दोन सामन्यांत मॅकडेव्हिडच्या नावावर चार-चार गुण (गोल केला किंवा गोलला सहाय्य केलं की एक गुण). आज सहावा.

धुळं सोडल्यावर आमच्या वॉरन फोगलचा पहिला गोल झाला. दोन्ही बाजूंना काळी माती, ठिबकवर लावलेली कपाशी चार-चार पानांवर आलेली, मधूनच पावसाची वाट बघणारं मोकळं रान. अमळनेर मागे पडता पडता दुसरं सत्र सुरू झालं आणि सेहेचाळिसाव्या सेकंदाला हेन्रिकने दुसरा गोल केला. मी ओरडलो. शेजारचे काका दचकून जागे झाले. दहाच सेकंदांत बार्कोव्हने परतफेड केली आणि तिथेच रेंज गेली. तापीचा पूल येईपर्यंत मोबाइलवर ते गरगर फिरणारं चक्र. रेंज आली तेव्हा फलकावर अजून २-०. कसं काय? पंचांनी चित्रण पुन्हा पाहून ऑफसाइडसाठी तो गोल रद्द केला होता. खाली तापीचं पाणी दिसलं, न ठरवता हात जोडले गेले.

चोपड्याच्या स्टँडवर मामेभाऊ मोटारसायकल घेऊन उभा होता. दादाला म्हटलं, दहा मिनिटं दे. पंधरा-वीस लागली. ५-१. फेरी ३-३ अशी बरोबरीत. सातवा सामना भारतात मंगळवारी पहाटे, म्हणजे मी परत निघायच्याच दिवशी.

गाव सातपुड्याच्या पायथ्याला, अडावदच्या अलीकडे. मामींनी उरल्यासुरल्या आंब्यांचा रस काढून ठेवला होता. चुलीवर उलटं खापर, त्यावर हातभर रुंद पोळी. "चाल, जेवाले बठ," मामा म्हणाले. बाकी बोलणं उद्यावर.

रविवार, २३ जून

खरं तर मी हॉकीसाठी आलोच नव्हतो. जूनच्या सुरुवातीला वादळ झालं आणि मामांची केळी पडली. फोनवर मामा म्हणाले होते, "पडनी थोडी." ती थोडी म्हणजे किती, ते आज पाहिलं.

दोन एकर मृगबाग. मागच्या जूनअखेरीस लावलेली, साडेतीन हजार झाडं. त्यांतली दोन हजारांवर आडवी झालेली. केळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हे, एकावर एक गुंडाळलेली पानांची देठं. आत सगळं पाणी. वर वीस-बावीस किलोचा घड लटकतो तेव्हा झाडाचा सगळा तोल त्या घडाच्या हाती असतो. वारा जोराचा आला की खोड कंबरेतून मोडतं. मेमध्ये ४५ अंशांच्या वरचं ऊन सोसून, घडांना पाल्याने झाकून, वारा अडवायला कडेने शेवरी लावून ती बाग इथवर आणली होती. पंधरा-वीस दिवसांत कापणी लागणार होती. व्यापारी येऊन बघूनही गेला होता. वारा सुटला आणि अर्ध्या तासात सगळं संपलं.

काही ओळी साफ झाल्या होत्या. कापलेल्या खोडांचे तुकडे बांधावर रचलेले, त्यांचा आंबूस वास सुटलेला. मामा प्रत्येक खुंटाशी वाकून कडेचं पील दाखवत होते. काहींना दोन-दोन पानं. "हाई धरसूत," ते म्हणाले. पिलबाग धरायची, म्हणजे खुंटाशी फुटलेली हीच पिलं वाढवायची. पंचनामा झाला, पैसे कधी येतील ते कोणी सांगत नाही, आणि मामाही विचारत नाहीत.

घरी मामींनी एक गोष्ट हळू आवाजात सांगितली. चांगली केळी पिकवतात म्हणून तालुक्याला मामांचा सत्कार ठरला होता, वादळाच्या आधीच ठरलेला. कार्यक्रम वादळानंतर आठवडाभराने झाला. मामा गेले नाहीत. शेवटी कोणीतरी शाल आणि श्रीफळ घरी आणून दिलं. फडताळात ती प्लॅस्टिकची पिशवी अजून तशीच गाठ मारलेली आहे. मामी रोज तिच्यावरची धूळ पुसतात, गाठ सोडत नाहीत.

दुपारनंतर दादा आणि मी उनपदेवला जाऊन आलो. गोमुखातून गरम पाण्याचा झरा पडतो, शरभंग ऋषींसाठी रामाने तो काढला असं सांगतात. पाय बुडवून बसलो होतो. दादा म्हणाला, "तुझी ती बर्फावरची मॅच इथे झाली असती तर पंच बुडाला असता." मला एडमंटनची गोठलेली नॉर्थ सास्कॅचेवान नदी आठवली.

सोमवार, २४ जून

दिवस ठिबकच्या नळ्यांत गेला. वादळात पडलेल्या खोडांखाली नळ्या चेचल्या होत्या. जोडण्या, टोप्या, नवी बंडलं आणायला दादाबरोबर अमळनेरला. साने गुरुजी जिथे शिकवायचे ते प्रताप हायस्कूल बाहेरून पाहिलं. फेब्रुवारीत इथे ९७वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा यायचं ठरवूनही राहून गेलं होतं. बोरीच्या काठी सखाराम महाराजांच्या समाधीला नमस्कार करून परत निघालो. शेवभाजी अशी तिखट की डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

रात्री आठला टी-ट्वेंटी विश्वचषकातला भारत-ऑस्ट्रेलिया सामना. मामांच्या ओसरीवर अर्धी गल्ली. रोहित शर्माने ४१ चेंडूंत ९२ केले तेव्हा गल्लीत पोरं नाचत होती. भारत २४ धावांनी जिंकला. मलाही आनंद झाला, पण मी तिथे अर्धाच होतो. मनात एकच चिंता, पहाटे रेंज मिळेल का? घरात ती एका रेषेच्या वर जात नाही. दादाची मुलगी, माझी दहा वर्षांची पुतणी, म्हणाली, "काका, धाब्यावर चार रेषा येतात. मी रोज तिथेच व्हिडिओ बघते."

मामांचं घर अजून धाब्याचं आहे, वर मातीचं सपाट छत. रात्री बाराला शिडीने वर जाऊन पाहिलं. चार रेषा.

मंगळवार, २५ जून

पाचला उठलो तर धाब्यावर माझ्या आधी मामा. डोक्याला टॉवेल, खाटेवर मांडी. ते रोजच पाचला उठतात. पण आज माझ्यासाठी वर आलेत हे मला कळलं. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवला. पुतणी गोधडी ओढतच वर आली.

हा सामना फ्लोरिडात, सनराइझ नावाच्या गावात. मुलीला त्याचा अर्थ सांगितला. तिने सातपुड्याकडे बोट केलं, तिकडे तांबडं फुटत होतं.

"हाऊ काय खेळ शे रे भो?" मामांनी विचारलं.

दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद बर्फ. दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू आणि एकेक गोलरक्षक. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, जेमतेम १७० ग्रॅमची. ती आधी गोठवून घेतात, म्हणजे उसळत नाही. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रं. बरोबरी राहिली तर आणखी वीस मिनिटं, आणि त्यात पहिला गोल होताच खेळ संपला. नाहीच झाला तर पुन्हा वीस. पंचेचाळीसेक सेकंद झाले की खेळाडू बाहेर येतो आणि दुसरा कठडा ओलांडून आत जातो, खेळ न थांबता.

"एवढ्या लवकर?" पुतणीने विचारलं.

उत्तर मामांनी दिलं. केळी कापताना घड खांद्यावर घेऊन माणूस गाडीपर्यंत पळतो ना, दोन खेपा झाल्या की दुसरा येतो ना, तसं. मला चार वर्षांत इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं.

सुरू झालं. पाच मिनिटं व्हायच्या आत फ्लोरिडाचा गोल. रॉड्रिगेझचा फटका, मध्येच व्हर्हेगीची काठी लागून दिशा बदलली, आमचा गोलरक्षक स्किनर, त्याला दिसलाही नाही. मी काहीच बोललो नाही. दोनेक मिनिटांनी सेसीने मागून लांबवर चकती दिली आणि मातियास यानमार्क एकटाच निसटला. पुढे फक्त गोलरक्षक. गोल! १-१. मी खाटेवरून उडी मारली तशी धाब्याची माती खाली मामींच्या चुलीवर पडली आणि खालून मामींचा आवाज आला.

मग कितीतरी वेळ गोल नाही. ज्याला हा खेळ परका आहे त्याला तो कंटाळा वाटेल. पण अशा वेळी एक-एक फटका छातीत बसतो. शॉट, अडवला, सुटली, पुन्हा शॉट, काठ्यांचा खडखडाट, कोणीतरी आडवा पडून अंगावर घेतला. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये श्वास घ्यायला जागा असते, इथे ती नाही. मामा हळूहळू पुढे सरकत होते. "बरफवर पाय कसा काय टिकस रे यास्ना?" एवढंच एकदा विचारलं.

सत्र संपल्यावर अठरा मिनिटांची सुट्टी. यंत्र फिरून बर्फावर पाणी पसरतं आणि तो पुन्हा काचेसारखा होतो. ते मुलीला फार आवडलं. खाली टीव्हीवर दादाने अफगाणिस्तान-बांगलादेश लावला होता. अफगाणिस्तान जिंकला तर ऑस्ट्रेलिया बाहेर, म्हणून गल्लीतली पोरंही जमलेली. वर हॉकी, खाली क्रिकेट, आणि शिडीवरून स्कोअर ये-जा करत होता.

दुसऱ्या सत्रापर्यंत सूर्य वर आला आणि पडद्यावर काही दिसेना. खाली जावं तर रेंज नाही. शेवटी पुतणीने गोधडी आमच्या तिघांच्या डोक्यांवर पांघरली. जूनमधलं खान्देश, सकाळचे सात, गोधडीच्या आत तीन माणसं, घामाच्या धारा, आणि मध्ये हातभर अंतरावर तो पांढराशुभ्र थंड बर्फ. मामी चहा घेऊन वर आल्या तेव्हा त्यांना फक्त हलणारी गोधडी दिसली. त्यांनी कप आत सरकवले, काही न विचारता.

एडमंटनहून मालक मधूनमधून मेसेज करत होते. आता ते सत्तरीच्या घरात. त्यांच्या टीव्हीवरचं चित्र माझ्या मोबाइलपेक्षा काही सेकंद पुढे होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्या सत्राची पंधरा मिनिटं होत आली असताना पडद्याच्या वरच्या कडेला त्यांचा एकच शब्द उमटला: "नो." माझ्यासमोर तेव्हा चकती फ्लोरिडाच्या अर्ध्यातच होती. सगळं ठाकठीक दिसत होतं. पण मला कळलं होतं. मग ते मी बघत राहिलो. रायनहार्ट उजवीकडून चढून आला, मनगटाने फटका मारला, चकती आत. २-१. आधीच कळलेला गोल बघणं ही फार विचित्र शिक्षा आहे. काही सेकंद मी त्या मैदानातल्या सगळ्यांपेक्षा जास्त जाणत होतो आणि काहीही करू शकत नव्हतो.

शेवटच्या सत्रासाठी मेसेज बंद केले.

त्या वीस मिनिटांबद्दल मी शांतपणे लिहू शकत नाही. ऑइलर्स चढत गेले. फ्लोरिडाला फक्त टिकायचं होतं. बॉब्रोव्हस्की गोलमध्ये गुडघ्यांवर, पोटावर, पाठीवर, जमेल तसा अडवत होता. एकदा गोलसमोरच चकती सुटी पडली. मॅकडेव्हिड तिथे, हायमन तिथे, मी "मार, मार" म्हणतोय, मामाही म्हणतायत, आणि गोलसमोरच्या त्या छोट्याशा निळ्या अर्धवर्तुळात कोणाचातरी पाय, कोणाचीतरी काठी. नाही गेली. आत नाहीच गेली. मामांनी माझं मनगट धरलं होतं. खत टाकून, खोडं कापून खरखरीत झालेला तो हात मला अजून जाणवतो.

शेवटची मिनिटं आली. ऑइलर्सनी गोलरक्षक बाहेर काढला आणि त्याच्या जागी सहावा खेळाडू उतरवला.

"गोल उघडा टाका?" मामा हबकले.

एकाने हरलं काय आणि दोनाने हरलं काय, मी सांगितलं, आता राखण्यासारखं काही उरलं नाही. मामा गप्प झाले. घड्याळ उलटं पळत होतं. तीस. वीस. दहा. चकती कोपऱ्यात अडकली, माणसं एकमेकांत गुंतली, आणि भोंगा वाजला.

२-१. पुन्हा २-१.

गोधडी बाजूला केली तर अंग ओलंचिंब होतं आणि डोळ्यांसमोर अंधारी. पुतणीने विचारलं, "काका, आता आठवी मॅच?" मी मान हलवली.

मामांना सगळं सांगितलं. तीन शून्यवरून उठून आले, तीन सलग जिंकले, शेवटच्या दिवशी एका गोलाने गेलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "म्हंजे कापणीवर येल व्हतं."

हो, मामा.

मी मोबाइल बंद करणार होतो. मामांनी करू दिला नाही, कारण पडद्यावर दोन्ही संघ रांगेत उभे राहत होते. फेरी संपली की हरलेला प्रत्येक जण जिंकलेल्या प्रत्येकाशी हात मिळवतो, ही इथली जुनी रीत. दाढ्या वाढलेले, घामाने भिजलेले, काहींचे डोळे सुजलेले. मामांनी शेवटचा हात मिळेपर्यंत पाहिलं. चषकाचं वजन विचारलं. साडेपंधरा किलोच्या आसपास, म्हटलं. "आपला घड जास्त भरस," ते म्हणाले. फ्लोरिडाचा कर्णधार बार्कोव्ह तो डोक्यावर उचलत होता. १९९३ साली निघालेल्या त्या संघाचा हा पहिलाच चषक. त्यांचा आनंद खरा होता, मला तो बघवला नाही तरी.

त्याआधी बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस पुकारलं गेलं: कॉनर मॅकडेव्हिड. हरलेल्या संघातल्या खेळाडूला ते क्वचितच मिळतं, त्याआधी २००३ मध्ये एका गोलरक्षकाला मिळालं होतं. या बाद फेरीत त्याचे ४२ गुण. त्यांतल्या ३४ सहाय्यांनी ऑइलर्सच्याच वेन ग्रेट्स्कीचा १९८८ चा ३१ चा विक्रम मोडला. पण शेवटच्या दोन सामन्यांत एकही गुण नाही. नाव पुकारलं, लोक थांबले. तो बर्फावर आलाच नाही. मामांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, त्याला बक्षीस दिलंय, पण तो घ्यायला येत नाहीये. मामा काही बोलले नाहीत. उठले, टॉवेल झटकला, शिडी उतरले.

नऊ वाजता आम्ही बागेत होतो. चेचलेली नळी कापायची, जोडणी बसवायची, पुढची नळी. मामा पुढे, मी मागे. साडेदहाला दादा ओरडत आला, अफगाणिस्तान आठ धावांनी जिंकला, पहिल्यांदाच उपांत्य फेरीत. पोरांनी टायरच्या रबराची चकती कापून ओसरीच्या फरशीवर खेळ मांडला होता, पुतणी शाळेला जायचं नाव घेईना. दुपारी चार वाजता पाणी सोडलं. पहिल्या ओळीच्या शेवटच्या पिलापाशी थेंब पडायला लागला तेव्हा मामांनी मला हाक मारून तो दाखवला.

संध्याकाळी चोपड्याहून बस. मामींनी उडदाची डाळ, बिबडे आणि ठेचा बांधून दिला. तापीच्या पुलावर मेसेज पुन्हा सुरू केले. मालकांचे सतरा होते. शेवटच्यात लिहिलं होतं की ते गॅरेज झाडतायत. मी त्यांना गोधडीची गोष्ट लिहून पाठवली.

धुळ्यात बस थांबली आणि मामांचा फोन आला. जेवला का, गाडीत जागा बरी मिळाली का, झालं. मग थोडा वेळ नुसताच श्वास.

"तो पोऱ्या," मामा म्हणाले, "बक्षीस लेवाले उना नही ना?"

"नाही आला, मामा."

"बरोबर करं त्यानी."